काटकोनात बसणारे साहेब

टिळा लावताना माणसानं निदान एवढं तरी पाहावं की आपण तो कपाळाला लावतोय की डोळ्याला. मी पाहिलं नाही.

खंडेनवमी होती. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा असते. मोटारी, पंप, तुरटी घोटणारा पंखा, झालंच तर कार्यालयातला कित्येक वर्षं बंद असलेला कूलर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि एकेक झेंडूचं फूल. पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर नेमका पुसण्यासाठी बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. वीतभर लांबीची काळी नळी, मागं वायरीची शेपटी आणि तोंडाला दोन छोट्या काचा. नळीला कपाळ कुठून आणणार? मला त्या काचाच चेहऱ्यासारख्या वाटल्या. तुपात कालवलेल्या कुंकवाचा एकेक ठसठशीत टिळा मी दोन्ही काचांवर लावला, हात जोडले आणि सेन्सर त्याच्या जागी पाण्यात सोडून दिला.

थोड्या वेळानं पडद्यावर जो आकडा आला, तो पाहून आम्ही सगळे उठून उभे राहिलो. शून्य. नदीचं पाणी चहासारखं, आणि आमच्या फिल्टरमधून निघालेलं पाणी शून्य गढूळ. फिल्टरवर काम करणारा मोरेश्वर दुसरा नारळ आणायला धावला. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं की देवी पावली.

आमच्या केंद्राचे प्रमुख, म्हणजे साहेब, तेव्हा गावात नव्हते. दसऱ्याला ते दरवर्षी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात. परत आले ते पिशवी खांद्याला तशीच ठेवून पडद्यासमोर येऊन उभे राहिले. शून्य पाहिलं आणि त्यांचा चेहरा घरातलं कोणी गेल्यासारखा झाला. वायर धरून त्यांनी सेन्सर वर ओढला. काचांवर लाल गारा तसाच. ते आमच्याकडे वळले. रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

"पूजा करा जी," ते हळू आवाजात म्हणाले. "मी कधी नाई म्हटलं? पण कोणाच्या डोळ्यात कुंकू घालते काय माणूस?"

मग त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं. एका काचेतून उजेड पाण्यात जातो. पाण्यात मातीचे कण असले की तो त्यांच्यावर आपटून बाजूला फाकतो आणि दुसरी काच तो बाजूचा उजेड टिपते. जितका उजेड जास्त, तितकं पाणी गढूळ. आता दोन्ही काचांवर कुंकू थापल्यावर उजेड जाणार कुठून आणि येणार कुठून? म्हणजे त्या दिवशी फिल्टरमधून निव्वळ चिखल निघाला असता, तरी यंत्र शून्यच म्हणालं असतं आणि मी दुसरा नारळ फोडला असता. बाकीच्या तपासण्या नीट झाल्या होत्या म्हणून निभावलं. पण मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. देवी पावली म्हणून घरात शिरा केलेला, तोही तसाच राहिला.

गावात त्यांना सगळे गढूळसाहेब म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं. उंच, काटकुळे, अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, आणि कॉलर मात्र नेहमी एका बाजूला वळलेली. कारण मान नेहमी एका बाजूला वळलेली. साहेब कधी कोणाच्या समोर बसत नसत. आमच्याकडे येणाऱ्या माणसाची खुर्ची टेबलापुढं नव्हती, टेबलाच्या बगलेला होती. तुम्ही त्या खुर्चीवर बसलात की साहेब सरळ भिंतीकडे पाहत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे. शाळेतला गुण्या लावून पाहिला असता तर पुरता काटकोन भरला असता. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. आमचे साहेब त्यांच्या कानाशी अर्धा तास बोलले. मोठे साहेब समोर वळले की आमचे साहेब खुर्ची सरकवत, पुन्हा ते वळले की पुन्हा सरकवत. त्या भेटीत दोघांनी मिळून खोलीला एक प्रदक्षिणा घातली.

मी नवा होतो तेव्हा धीर करून विचारलं होतं, असं काऊन बसता म्हणून.

"समोरून पाह्यलं तं गढूळ पाणीबी चमकते," ते म्हणाले. "बाजूनं पाहा. मळ बाजूनं दिसते."

हे त्यांनी सेन्सरकडून शिकून माणसांना लावलं होतं की माणसांकडून शिकून सेन्सरवर प्रेम केलं होतं, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. लेकीसाठी मुलगा पाहायला चंद्रपूरला गेले, तिथंही त्यांनी तेच केलं. पोहे येऊन थंड झाले, मुलाचे वडील समोर बसून बोलत राहिले आणि साहेब मुलाच्या शेजारी बसून त्याचा कान पाहत राहिले. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचे वडील कमी ऐकतात, म्हणून सगळे मोठ्यानं बोलू लागले. परत आल्यावर साहेब आम्हाला एवढंच म्हणाले की पोरगा चांगला आहे, बाजूनं पाहिला.

सेन्सर पुसण्याचं त्यांचं शास्त्र होतं आणि ते मोडणाऱ्याला क्षमा नव्हती. आधी हात साबणानं धुवायचे. नखं कापलेली हवीत. मग सेन्सर काढून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरायचा, म्हणजे रेतीचा कण असेल तर निघून जाईल. तो तसाच ठेवून घासलं तर काचेवर ओरखडा आणि ओरखडा म्हणजे जन्माचा गढूळपणा. मग फडकं. फडकं साधं चालत नसे. त्यांच्या आईचं जुनं सुती पातळ होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याचेच चौकोन कापून त्यांनी डब्यात ठेवले होते. आई आयुष्यभर धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी करत होती. चिखलात राबलेल्या बाईच्या पातळानंच चिखल मोजायचं यंत्र पुसावं यात त्यांना काही विशेष वाटत नसे, कापड मऊ आहे एवढंच ते म्हणत. मला मात्र ते फडकं हातात घेतलं की उगाच पदर धरल्यासारखं व्हायचं.

आणि खर्रा. आमच्या भागात माणसाच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना, तळहातावर घोटून घोटून एकजीव केलेला. माझ्या बोटांना चुना कायमचाच. साहेबांनी एकदा माझा हात धरून उजेडात पाहिला आणि जाहीर केलं की खर्रा घोटलेला हात सेन्सरला लागणार नाही. बायकोनं खर्रा सोडण्यासाठी मला मुलांच्या शपथा घातल्या होत्या. मी प्रत्येक वेळी सोडला असं सांगत होतो आणि प्रत्येक वेळी तिला पन्नी सापडत होती. शेवटी सुटला तो या वीतभर नळीमुळं. हे बायकोला सांगायची माझी अजून छाती नाही. तिला वाटतं, शपथेचा गुण.

पहाटे फोन वाजला की तो साहेबांचाच. हॅलो नाही, नमस्कार नाही. फक्त, "किती?" आकडा सांगायचा. एकच्या आत असला की फोन बंद. एकच्या वर असला की, "पुसून पाहा," आणि फोन बंद. माझी रात्रपाळी असली आणि फोन चुकून घरी राहिला तर बायको बिचारी त्यांना सांगे, साहेब, थे नाईत घरी. तर साहेब म्हणत, "बरं. किती?" एकदा वैतागून तिनं अंदाजानंच एक आकडा ठोकून दिला. साहेब म्हणाले, छान. आणि त्यांनी फोन ठेवला. मी हे ऐकलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना.

त्यांचा आणखी एक शब्द होता, बुडबुडा. सेन्सरच्या काचेपाशी हवेचा बुडबुडा अडकला की आकडा एकदम उसळतो. नवा माणूस घाबरतो, तुरटी वाढवतो, धावपळ करतो. जुना माणूस थांबतो. बुडबुडा सुटला की आकडा आपोआप खाली येतो. त्यामुळं कोणी आमच्या केंद्रावर येऊन पाण्यावरून आरडाओरडा करू लागला की साहेब भिंतीकडे पाहत बसत आणि तो निघून गेल्यावर म्हणत, बुडबुडा होता. ठेकेदार चिडला, बुडबुडा. मोरेश्वर दारू पिऊन राजीनामा द्यायला आला, बुडबुडा. मोरेश्वर दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आला, हेही खरं.

असा हा माणूस. आणि आता त्यांच्या लेकीच्या लग्नाचा दिवस सांगतो, ज्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

उन्हाळा होता, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा उन्हाळा, ज्यात सकाळी दहाला सावलीसुद्धा घरात शिरते. साहेबांनी लग्नापुरती सुट्टी घेतली होती. जाताना फडक्यांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांच्या जागी जे साहेब बदलीवर होते, ते त्याच दिवशी जिवतीला सासुरवाडीला गेले. डोंगरात. तिथं फोन लागला तर ती बातमी.

वरच्या बंधाऱ्याची दारं दुरुस्तीसाठी उघडली होती आणि तळाचा सगळा गाळ नदीत आला होता. त्याची आम्हाला काळजी नव्हती, तुरटी वाढवली होती. सकाळी हात धुऊन, शास्त्राप्रमाणे मी सेन्सर पुसला आणि पाण्यात सोडला. आकडा एकच्या आत. गावाचं पाणी सुरू केलं. लग्नाचं समाजभवन केंद्रापासून जवळ, आमच्या नळावर पहिलंच. म्हणजे तिथली टाकी सगळ्यांत आधी भरू लागली असणार, या विचारानं मी खूशही झालो. साहेबांच्या घरच्या कार्याला पहिलं पाणी माझ्या हातून.

आणि मग आकडा चढू लागला. एक. दोन. मी बुडबुड्याची वाट पाहत थांबलो. चार. बुडबुडा काही सुटेना. मी सेन्सर काढला, पुन्हा धुतला, नवं फडकं घेऊन पुन्हा पुसला, पुन्हा सोडला. आकडा पाचच्या वर.

मोरेश्वर माझ्या मागं उभा. "कुंकू लागलं असन, भाऊ," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की कुंकवानं आकडा उतरतो, चढत नाही. तर तो म्हणाला, मग हळद लागली असन. ग्लासात पाणी घेऊन त्यानं माझ्या नाकासमोर धरलं. काचेसारखं स्वच्छ. एवढा गढूळपणा नुसत्या डोळ्याला दिसत नाही, हे मला ठाऊक होतं, पण दिसत नव्हतं हेही खरं. ताडून पाहायला हातात धरायचं छोटं यंत्र होतं, ते नेमकं दुरुस्तीला नागपूरला गेलेलं. म्हणजे एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला आम्हा दोघांचे चार डोळे. आकडा खरा असेल तर कुठल्यातरी फिल्टरमधून गाळ सरळ गावात चालला होता आणि गाळाबरोबर काय काय जातं ते जुलाबाच्या साथीत आम्ही पाहिलेलं होतं. आकडा खोटा असेल, तर पुसण्यात माझंच काही चुकलं होतं. दोनदा पुसला होता, कबूल. पण दोन्ही वेळा पुसणारा मीच.

साहेबांच्या हुकमाशिवाय गावाचं पाणी बंद करणं माझ्या हातात नव्हतं. बदलीचे साहेब जिवतीच्या डोंगरात. आमचे साहेब फोन उचलेनात. मी स्कूटर काढली आणि सरळ मांडवात गेलो.

मांडव भरलेला. पुढं पांढऱ्या कापडानं सजवलेलं आसन, बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, भंतेजी येऊन बसलेले. वऱ्हाडाची बस वेशीवर पोचल्याची बातमी नुकतीच आलेली. माझी बायको तिथंच होती, साहेबांच्या मंडळींबरोबर ताटं मांडत. माझा चेहरा पाहून तिनं दुरूनच कपाळाला हात लावला. साहेब दारात उभे होते, नवा कोट, डोक्याला फेटा. मला पाहिलं आणि त्यांनी नेहमीसारखी मान बाजूला केली.

"किती?"

"सहाच्या वर, साहेब. चढूनच राह्यला."

"पुसला?"

"पुसला जी. दोनदा."

"कोणी?"

"मी."

ते मांडवाच्या कनातीकडे पाहत राहिले, म्हणजे माझ्याकडे पाहत राहिले. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होतो की साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः चला, स्वतः पाहा, हवं तर मला शिव्या द्या.

"मोरेश्वरले फोन लावा," ते म्हणाले. "गावाचं पाणी बंद. अन् इथली टाकी रिकामी करा."

मी म्हणालो की साहेब, एकदा तुम्ही येऊन पाह्यलं असतं तं. ते म्हणाले, मी कायले येऊ, तुम्ही पुसला म्हणता ना. आणि ते आचाऱ्याकडे वळले. आचाऱ्याला त्यांनी सांगितलं की भाताचं, वरणाचं आधण चुलीवर उकळून राह्यलं, थे राहू द्या. पण मठ्ठ्यात या टाकीचं पाणी नको, पिण्याला नको, पानावर हात धुवायलाही नको. आचारी झारा हातात धरून त्यांच्याकडे पाहतच राहिला. लग्नघरी यजमानानं वरण वाढू नका म्हटलेलं त्यानं ऐकलं असेल, पाणी वाढू नका म्हणणारा यजमान त्याला पहिलाच भेटला.

मोरेश्वरला फोन केला आणि गच्चीवरच्या टाकीची खालची तोटी मीच खोलली. भरल्या टाकीचं पाणी समाजभवनाच्या अंगणातून, रांगोळीवरून, दारातल्या पायपुसण्याखालून वाहत रस्त्यावर निघालं. आणि नेमक्या त्याच क्षणी वऱ्हाडाची बस दारात येऊन थांबली.

आधी व्याही उतरले. मुलाचे वडील, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, जाड चष्मा, पांढरीशुभ्र सफारी. तासन् तास उन्हातून आलेले. त्यांनी पायाशी वाहणारं पाणी पाहिलं. मग आपल्या माणसांना प्यायला पाणी मागितलं. आणि आमच्या साहेबांनी हात जोडून सांगितलं की थोडा दम धरा, सध्या पाणी नाही.

व्याही एकदा अंगणाकडे पाहत, एकदा साहेबांकडे. साहेब सवयीनं त्यांच्या कानाशी उभे. व्याही त्यांच्याकडे वळायचे, साहेब सरकायचे. मला त्या स्थितीतही ती जिल्ह्याच्या साहेबांची प्रदक्षिणा आठवली आणि हसू येऊ नये म्हणून मी जीभ चावली.

"मातीले पाणी हाय, अन् आमाले नाई?" व्याही म्हणाले.

साहेबांनी सांगितलं की पाणी खराब आहे. व्याह्यांनी एका पोराकडून तोटीखालून ग्लासभर पाणी मागवलं, उन्हात धरलं. स्वच्छ. त्यांनी विचारलं, कोण म्हणते खराब? आणि साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे म्हणते."

सगळं वऱ्हाड माझ्याकडे पाहू लागलं. घामानं चिंब सदरा, हाताला टाकीचा गंज. व्याह्यांनी मला विचारलं, पक्कं? माझ्या तोंडून शब्द निघाले ते एवढेच, की मी पुसला होता जी. काय पुसला, त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर द्यायला मला तिथं उजेड, काच, मातीचे कण, सगळंच सांगावं लागलं असतं. व्याही वळले, बसमध्ये चढले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्यामागं चुलते, आत्या, मामा, सगळे. दोन-चार म्हाताऱ्या उतरल्याच नव्हत्या. ड्रायव्हरनं बस बंद केली नव्हती, एवढंच मला ऐकू येत होतं.

मी साहेबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, बुडबुडा आहे. ते म्हणाले नाहीत. त्यांच्या फेट्याचं टोक थरथरत होतं. तेव्हा मला कळलं की या माणसाला भीती वाटते. लेकीचं लग्न मोडेल ही भीती त्याला माझ्याइतकीच, माझ्यापेक्षा जास्त वाटते आहे. तरी त्यानं तोटी बंद करा असं म्हटलं नाही.

तेवढ्यात नवरी बाहेर आली. पांढरी साडी, हातावर मेंदी, डोक्यावर फुलांची जाळी. तिनं वडिलांना काही विचारलं नाही. मला विचारलं.

"काका, तुमी पुसला काय?"

"हो, बाई."

तिनं मांडवाच्या कडेचा पाण्याचा पितळी गुंड उचलला, कंबरेवर घेतला आणि बसच्या समोरून, वऱ्हाडाच्या समोरून, शाळेच्या हातपंपाकडे चालू लागली. मागून साहेबांचा आवाज आला, कोणाला म्हणून नव्हे, हवेतच, की त्या पंपाचं पाणी मी तपासलेलं आहे, चांगलं आहे. माझ्या बायकोनं हातातलं ताट खाली ठेवलं, दुसरा गुंड घेतला आणि तिच्यामागं निघाली. मग साहेबांच्या बहिणी. मग बसमधून नवऱ्या मुलाची आई उतरली, नवरीच्या कंबरेवरचा गुंड तिनं ओढून घेतला आणि बसकडे वळून व्याह्यांना म्हणाली:

"नवरी पाणी भरून राह्यली अन् तुमी खिडकीतून पाहून राह्यले?"

व्याही उतरले. सफारीच्या बाह्या दुमडल्या आणि हातपंपाचा दांडा धरला. पहिल्या दोन हिसक्यांत कोरडाच आवाज आला, मग पाणी आलं. ते कोणाकडे पाहत नव्हते, फक्त दांडा मारत होते, जणू तो दांडा आमच्या साहेबांची मान होती.

मी स्कूटरवर बसून केंद्राकडे निघालो. पाणीपुरवठा खात्यात इतकी वर्षं नोकरी केली, पण गावाचं पाणी खराब निघू दे अशी प्रार्थना करणारा कर्मचारी मी एकटाच असेन. वाटेतल्या प्रत्येक मंदिराला हात जोडले. केंद्रावर पोचलो तर मोरेश्वरनं फिल्टर रिकामे करायला घेतले होते. पहिल्यातली रेती सपाट, गुळगुळीत. दुसऱ्या फिल्टरमधलं पाणी उतरत गेलं, रेती दिसू लागली, आणि मधोमध परातीएवढा खड्डा. रेती खचली होती. न गाळलेलं पाणी त्या भोकातून सरळ गावाकडे चाललं होतं.

मी फिल्टरच्या कठड्यावर नाचलो. हे लिहायला लाज वाटते, पण नाचलो. मोरेश्वर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, भाऊ, खड्डा पडला हो, नाचता काय. मग तोही हसू लागला. तो फिल्टर बंद करून बाकीच्यांवर पाणी घेतलं, आकडा एकच्या आत आला, तेव्हा गावाचं पाणी सुरू केलं.

समाजभवनात परतलो तर मंगल परिणय आटोपला होता, पंगत बसली होती. साहेब फेटा काढून, कोटाच्या बाह्या वर करून वरण वाढत होते. व्याही पहिल्या पंगतीत, हाताला पंपाचे फोड आलेले, खाली मान घालून जेवत होते. मी साहेबांच्या कानाशी जाऊन धापा टाकत सांगितलं की दुसरा फिल्टर खचला होता, परातीएवढा खड्डा, आकडा खरा होता.

"बरं," साहेब म्हणाले. "बसा. वरण घ्या."

एवढंच. मी तिथंच उभा. शेवटी विचारलं की साहेब, तुमाले जराबी शंका आली नाई? मी पुसलेला. कुंकवावाला मी.

त्यांनी वरणाची बादली खाली ठेवली आणि तोवर कधी न केलेली गोष्ट केली. माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले. मला त्यांचे डोळे इतक्या समोरून पहिल्यांदाच दिसले. पाणी आलेले होते की चुलीचा धूर गेलेला, सांगता येत नाही.

"पाहायले तुमी होते ना जी," ते म्हणाले. "मग मी पोरीच्या लग्नात राह्यलो."

बादली उचलून ते पुढच्या पानाकडे गेले.

गावात त्या दिवशी कोणी आजारी पडलं नाही, म्हणून त्या दिवशी काय झालं हे गावाला कधी कळलं नाही. लग्नातलं पाणी साहेबांनी सांडलं, एवढंच लोक सांगतात. साहेब आता निवृत्त होऊन लेकीजवळ चंद्रपूरला राहतात. व्याही त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते. आता संध्याकाळी दोघं एका बाकावर बसतात असं ऐकतो, आणि व्याही तक्रार करतात की हा माणूस तोंडाकडे पाहून बोलतच नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बायको पाण्यानं ओली झालेली साडी दोरीवर टाकत होती. मी तिच्या मागं मागं फिरून सगळं सांगितलं. फिल्टर, खड्डा, आणि साहेबांनी कशी माझ्या एका शब्दावर, न पाहता, न तपासता, पोटच्या पोरीच्या लग्नात भरलेली टाकी सोडून दिली. तिनं साडीच्या निऱ्या झटकल्या, दोरीला चिमटे लावले आणि सगळं ऐकून झाल्यावर माझ्याकडे वळली.

"लय मोठा माणूस," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांचा संसार झाला आपला, म्हणून खरं सांगते. त्याईच्या जागी मी असती, तं तुमच्या शब्दावर लोटाभर पाणी नसतं सांडलं."